टिंब

वर्षाला चौदा युरो. एवढंच भाडं होतं
आमच्या नावाचं.

मुदत संपतेय अशी पत्रं आली म्हणे चार-पाच,
लेइदाच्या मेलवर.
लेइदा जानेवारीत गेली.
तिचे बर्फातले बूट मी देऊन टाकले, वह्या मिटवल्या;
पासवर्ड तेवढा ती घेऊन गेली.

काल तार्तूहून एका बाईचा फोन :
अकॉर्डियन दुरुस्त करता ना अजून?
तुमच्या पत्त्यावर तर जुगार चाललाय.
पाहिलं. खरंच. गरगरणाऱ्या चेरी,
आणि वर माझ्या आजोबांचं आडनाव.

परत हवं तर तीन हजार, असं कळवलंय कुणीतरी.
खाली सही नाही.

व्हॅनच्या पाठीवर तोच पत्ता,
लेइदाने रंगवलेला, हातभर अक्षरांत,
तिसरं जरा वाकडं. तेव्हा हसलो होतो मी.
पातं घेऊन बसलो.
बाप म्हणायचा, हेल्दुर, नाव काढ.
काढत होतो. सोलून, एकेक.

विल्यांदीत तीनलाच अंधारतं.
मधलं टिंब राहिलं.
राहू दिलं.

आज ती बाई बाजा घेऊन आलीच, विचारत विचारत.
भाता फाटलाय, म्हणाली, किती दिवस लागतील?
थांबा, म्हटलं,
श्वास कुठून गळतोय ते आधी ऐकू दे.