दहातली एक

बोट्सफ्योरच्या धक्क्यावरच्या शेडमध्ये ओडवार
चाळीस वर्षं गळांना मॅकरेलचे तुकडे टोचतो आहे.
एका टबात चारशे गळ.
गळाला मासा कळत नाही, बोटही कळत नाही.

हृदयात जाळी बसवली त्या हिवाळ्यापासून
प्रत्येक टोचणी लांबत गेली.
आधी बोट तोंडात घातलं की भागायचं.
मग चिंधी, मग दोन चिंध्या,
मग आस्लौगने डब्यात घालून दिलेला कापूस
आणि तिचं न बोलणं.

आता हर्निया.
किर्केनेसच्या डॉक्टरणीने गोळी थांबवली,
सात दिवस आधी, तारीख घालून.
ओडवारला वाटलं, अंमल उतरेल
आणि रक्त सकाळी शुद्धीवर येईल.
"तसं नाही," ती म्हणाली.
"ज्या प्लेटलेटला गोळी भेटली
ती शेवटपर्यंत बहिरीच. जखमेची हाक तिला ऐकू येत नाही.
तिच्यात केंद्रक नाही, स्वतःला दुरुस्त करायची
कृती लिहिलेला कागदच नाही.
हाडांच्या आत नव्या घडतात,
रोज साधारण दहातली एक. त्या येऊ देत."

म्हणजे बरं कुणीच होत नाही.
जुन्या निघून जातात.

सूर्य नोव्हेंबरात गेलेला.
शेडमध्ये आठ माणसं दिव्याखाली उभी.
ओडवारसोबत शाळेत असलेलं त्यांत कुणीच नाही.
शेजारच्या टबावर लिथुआनियाची गिंतारे,
येऊन तीन आठवडे झालेली,
गळ उलटा धरते, शिव्या मात्र अचूक देते.

तिसऱ्या दिवशी टोचलं. चिंधी भिजली.
चौथ्या दिवशी टोचलंच नाही,
याचा त्याला उगाच राग आला.
सहाव्या दिवशी अंगठा.
चिंधी शोधेपर्यंत
थेंब जागच्या जागी थबकला,
काळसर, टाचणीच्या डोक्याएवढा.
त्याने तो गिंतारेला दाखवला.
"मग?" ती म्हणाली.

घरी त्याने डबा उघडून ठेवला, कापूस तसाच.
आस्लौगने पाहिला, धुतलेल्या बशा पुन्हा धुतल्या.

त्या रात्री ती जागी होती,
कान त्याच्या छातीवर.
या नव्या, चलाख पोरी,
पहिल्या हाकेला धावणाऱ्या;
यांना अंगठा ठाऊक झाला,
पण आत ती जाळी आहे,
तिथे थांबायचं नाही,
गर्दी करायची नाही,
हे यांना कोण सांगणार?

बाहेर बर्फ उपसणारं यंत्र
रस्त्याच्या टोकापर्यंत गेलं, परत आलं.
ती मोजत राहिली.