दोन पाती

मे महिना, भर दुपार, नाना पेठ.
टेम्पोतून होडीची मोटर उतरली
आणि गल्ली गोळा झाली.
शेजारचा पत्रेवाला म्हणाला,
"मुठेत घोटाभर पाणी, ही पोहणार कुठं?"

पानशेतच्या फुगवट्यातली. पंचवीस हॉर्सपॉवर, टू-स्ट्रोक,
गोणपाटात गुंडाळलेली. सोबत धोंडू मरळ.
"दहा मिनिटं गुमान चालते, मग शिट्टी मारते, दम टाकते.
काल बसलो ना पाण्याच्या मधोमध.
दोन किटल्या दूध, एक अवघडलेली पोर,
आणि वल्हं राहिलेलं घरी."

मी स्कूटरवाली. पण ताप तो ताप.
विचारलं, "मुतते का?"
बाईमाणसानं असं विचारावं म्हणून दचकला,
मग कळलं त्याला.
"मुतते, पण थेंब थेंब. म्हाताऱ्यागत."

स्कूटरला वारा असतो. हिला पाणीच:
तळातून ओढायचं, डोक्यापर्यंत चढवायचं,
ताप घेऊन बाजूच्या भोकातून टाकायचं.
भोकात तार घातली. आरपार.
म्हणजे रोग खाली.

पाच बोल्ट. चार दिसतात,
पाचवा शेपटीच्या पत्र्याआड लपतो,
त्यानं अर्धा तास आणि माझ्या अंगठ्याची साल घेतली.
पाय सुटला. पंपाचं झाकण उघडलं.
आत रबराचं फूल. सहा पाकळ्यांचं असतं.
फिरोजनं मोजलं: चार.
परत मोज म्हणाले.
चारच.

नवं फूल कोचीहून कुरियरनं आलं, तिसऱ्या दिवशी.
साबणाचं पाणी लावून,
दांडा घड्याळाच्या दिशेनं फिरवत दाबलं, पाती एका अंगाला निजली.
निळ्या पिंपात मोटर उभी केली, दोरी ओढली.
धार आली. बारीक. हाताला चटका.

आमच्याकडे एक म्हण नाही, पण असायला हवी:
तुटलेलं सापडल्याशिवाय
दुरुस्त झालं म्हणू नये.

थर्मोस्टॅट काढला. त्याच्या उंबऱ्यात
पहिलं पातं, काळं, नखाएवढं, अडकून बसलेलं.
थर्मोस्टॅटही संशयितच, म्हणून
कोपऱ्यावरच्या चहावाल्याच्या पातेल्यात सोडला.
"चव बदलेल ताई."
"बदलू दे."
वाफ धरली तसा तो मुकाट उघडला.
निर्दोष. बाहेर काढून पुसला, पातेलं घासून परत दिलं.

राहिलं दुसरं.
डोक्याचं झाकण सोडवायचं म्हणजे
कुजक्या बोल्टाची मनधरणी: तेल, थोडी आच, पुन्हा तेल,
आणि एक शिवी, हळू आवाजात.
सुटलं.
आत पाण्याची वाट होती तिथं वीट भाजलेली.
गाळ. तापून, थिजून, लालसर.
टोकरत गेले, आणि विटेच्या पोटात
दुसरं पातं.

फिरोजनं सहाची बेरीज मोठ्यानं म्हटली.

धोंडू मात्र पात्याकडे बघतच नव्हता.
खपली चिमटीत घेतली, थुंकीनं भिजवली, चोळली.
"मे-जूनला पाणी उतरतं, बांध वर डोकावतात.
ही आमच्या खाचराची. आज्याचं भात व्हायचं हितं."
"मग मोटर काय नांगर आहे?"
हसला. खपली कागदात बांधली, खिशात टाकली.

पाण्याची वाट धुतली, दोनदा, पिंप गढूळ होईतो.
नवं गॅस्केट. बोल्टांना ग्रीस.
दोरी ओढली
आणि धार सुटली, जाड, कमानदार,
पत्रेवाल्याच्या ओट्यापर्यंत, त्याच्या धुतल्या पायजम्यावर.
वीस मिनिटं बघत उभे राहिलो.
धोंडूनं धारेत हात धरला,
"कोमट," म्हणाला,
बाळाच्या आंघोळीचं पाणी बघावं तसा.

बिल लिहिलं. इंपेलर एक, गॅस्केट दोन, मजुरी.
चहाचं पातेलं लिहिलं नाही.
म्हणाले, "उन्हाळ्यात बांधावरनं जाऊ नकोस,
खोल पाण्यातनं वळसा घाल."
तो टेम्पोत चढत होता.
"लांब पडतं ताई," म्हणाला.
"आणि रस्ता तर तोच आहे."