उजवीकडून डावीकडे

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, पत्र्याखाली, त्रेचाळीस अंशांत
मी जकार्डची कार्डं पंच करतो.
भोक असेल तिथं धागा उचलला जातो,
नसेल तिथं खाली राहतो.
एवढंच शास्त्र. बाकी सगळी नक्षी.

माघात ऑर्डर आली, दुबईमार्गे.
चारशे डझन टॉवेल, पांढऱ्यावर हिरवी किनार,
कोपऱ्यात एका हॉटेलचं नाव, उर्दूत.
यमुलशेठ म्हणाले, बिलावर दुबई आहे ना, मग दुबईच.
पण नावाखाली बारीक अक्षरांत आणखी काही होतं.
विजापूर वेशीतले शेख मास्तर, उर्दू शाळेतून रिटायर,
त्यांनी कागद डोळ्यांशी नेला:
"मेहमान सराय. कराची."
बशीतल्या चहावर फुंकर घालत म्हणाले,
"नरसय्या, उजवीकडून डावीकडे विणायचं बरं का.
उलटं झालं तर पाहुणा दारातनं परत जाईल."

दुपारी कडक भाकरी मोडता मोडता
टीव्हीवर तो देश दिसायचा.
पश्चिमेच्या डोंगरात त्यांच्याच चौक्या जळत होत्या,
पेटवणारे त्यांच्याच अंगणात वाढलेले.
बंदर गहाण. पीठ रांगेत.
एक सावकार हिमालयापलीकडचा, एक समुद्रापलीकडचा,
दोघांचं आपसात हाडवैर
आणि दोघांच्याही चिठ्ठ्या याच्याच खिशात.
राज्य कुणाचं, हे तिथल्या पेपरवाल्यालाही
रोज सकाळी नव्यानं विचारून घ्यावं लागत असेल.
आणि या सगळ्याच्या पोटात, कुठल्याशा भुयारात,
त्या वस्तू. कुलूपबंद, म्हणे.

स्टुडिओतला माणूस नकाशावर वर्तुळं काढत होता.
तिसऱ्याच्या कडेला आम्ही.
कोंडय्या ओरडला, "सोलापूर आलं की बे! कधी नव्हे ते आलं!"
हसलो सगळे.
मग बराच वेळ नुसता शेंगाचटणीचा डबा फिरत राहिला.

मला वर्तुळ दिसत नव्हतं. कार्ड दिसत होतं.
तिथंही कुणीतरी करून ठेवलं असेल, नंबर घालून, दोरीत ओवून.
करणाऱ्याची बदली झाली असेल, किंवा तो तुरुंगात,
जागेवर नवा आला असेल, घाबरलेला.
घाबरलेला हात मी ओळखतो.
तो नको तिथं भोक पाडतो.
माझं चुकलं तर मोराला दोन चोची येतात,
सेकंडचा माल म्हणून फौजदार चावडीच्या फुटपाथवर खपतो.
त्या चुकीला फुटपाथ नाही.
आणि खरं सांगायचं तर
आपल्याकडचं कार्ड तरी मी कुठं पाहिलंय.

वैशाखात सीमेवर धूर झाला.
ऑर्डर गोडाऊनमध्येच राहिली, गाठोडी बांधून.
एका संध्याकाळी सरावाचा भोंगा वाजला, लांबलचक.
नायना खाटेवरून उठले,
गिरणी बंद पडून तीस वर्षं झाली तरी उठले,
अंधारात डबा चाचपू लागले,
तेलुगूत म्हणाले, पाळी चुकेल, दिवा लाव.
दिवा लावायचा नाही, हाच तर सराव होता.
मी त्यांचा हात धरून बसलो.
हात अजून सुताचाच लागतो.

शेठनी कोपरे कापून टॉवेल विकायला काढले.
चारशे डझन कोपरे पोत्यात, सराय वेगळी, कराची वेगळी.

त्याच आठवड्यात शेख मास्तर आले. चहा नको म्हणाले.
उभ्याउभ्याच विचारलं,
"माझं नाव कुठं लिहिलेलं नाहीस ना रे?"
मी म्हटलं, छे.

लिहिलं होतं. पहिल्या कार्डाच्या पाठीवर, पेन्सिलीनं:
'वाचून दिलं – शेख मास्तर.'
काम नीट झालं की मी लिहून ठेवतो, कुणी मदत केली ते.
रात्री रबर घेऊन बसलो.
काळं गेलं.
दाब राहिला.
बोट फिरवलं की अजून वाचता येतं,
डावीकडून उजवीकडे.