प्रश्न पाचवा : काल्पनिक प्रांत

सहामाहीच्या पेपरात दरवर्षी मी एक प्रांत काढायचे.
मेढ्याच्या हायस्कुलात, स्टाफरूमच्या खिडकीशी,
स्टेन्सिलवर, सुईच्या टोकानं.
आधी त्याचं नाव नुसतं 'क्ष'.
एका वर्षी कंटाळून ठेवलं, तळकडा.

उंची पाचशे ते तेराशे मीटर.
पाऊस पश्चिमेला बेसुमार, पूर्वेला मोजूनमापून.
खाचरांत भात, उतारावर नाचणी, वरी,
खाली गाळाच्या पट्ट्यात घेवडा.
नदी एक. काल्पनिक म्हणून काढायला जावं
तर हात आपसूक वेण्णेसारखा वळायचा.
रेषा जवळ आल्या की चढ उभा, हे मी फळ्यावर शिकवायचे.
माझं बिऱ्हाड बाजारपेठेत, सपाटीवर.

'प्रांताची माहिती दहा ओळींत लिहा.'
गठ्ठ्यातल्या साठ पेपरांत साठ वेळा
लोकांचा मुख्य व्यवसाय शेती असायचा
आणि लोक काटक व कष्टाळू.
मीच तर लिहून दिलेलं.
बरोबरच्या खुणा करत पुढं जायचे,
चहा गार होईस्तोवर.

नववी ब. हौसा कोंडीबा ढेबे. शाई फुटलेली.
"घरं सातशेच्या रेषेवर दाखवलेत
आणि पाण्याची खूण पाचशेवर.
म्हणजे दोनशे मीटर रिकामं उतरायचं
आणि दोनशे मीटर भरून चढायचं.
हे कोण आणतं ते सूचीत नाही.
घेवडा आहे पण रस्ता नाही.
मग तो विकला कसा?
लोक काटक आहेत का माहीत नाही.
दमलेले असतील."

दहा ओळी भरत नव्हत्या.
पाचापैकी चार दिले.
एक कशाचा कापला
ते आजही सांगता येत नाही.

पुढच्या वर्षी झरा तीन रेषा वर सरकवला.
रस्ता काढला, तुटक, म्हणजे कच्चा.
त्यानं कुणाच्या डोईवरचा हंडा उतरला नाही,
कागद होता तो.
मग पोरंच सांगू लागली,
बाई, यंदा एसटीचा थांबा टाका.
बाई, गिरण.
बाई, दवाखाना, पण डॉक्टर असलेला.
त्याची खूण कशी काढतात?

साहेब तपासणीला आले, शेरा लिहिला :
नकाशात गर्दी. परीक्षेस अनुपयुक्त.

तोवर हौसाचं नाव हजेरीतून गेलेलं.
जूनमध्ये, लाल रेघ, कारण : स्थलांतर.
कुठं, याचा रकाना नसतो.

निवृत्तीच्या वर्षी शेवटचा तळकडा काढला.
सूचीत सगळ्या खुणांखाली
एक रिकामा चौकोन ठेवला,
समोर काहीच न लिहिता.
कुणीतरी भरेल, म्हटलं.

बहुतेकांनी सोडून दिला.
एकानं पेन्सिलीनं लिहिलं,
छपाईची चूक.