आवक क्रमांक

सोमवारी साडेअकराला येतात कौतिकबाई भोये,
सुरगाण्याहून पहिली एसटी धरून, त्र्यंबक नाक्याला उतरून.
पंचायत समितीच्या सदस्य, पण बसतात शिपायाच्या बाकावर,
पिशवीतून आधी अर्ज काढतात, मग पाण्याची बाटली.

मी आवक-जावक टेबलाचा. शिक्का माझा.
उपकेंद्राला नर्स द्या : ४१७.
दिंडोरीच्या कारखान्यात आमची आयटीआय झालेली पोरं घ्या,
ठेकेदाराची बाहेरची माणसं नकोत : ६०२.
नर्स, पुन्हा : ८८०.
"भाऊ, आकडा वाढतोय बघा," म्हणतात,
"तुमच्याकडं तरी काहीतरी पिकतंय."

साहेब दौऱ्यावर. साहेब मीटिंगमध्ये.
एकदा साहेब खरंच होते,
तर बाई बोलल्याच नाहीत.
सोबतच्या पोराला म्हणाल्या, वाच.
त्यानं सदतीस नावं वाचली, शिक्षणासकट.
साहेबांनी मधेच चहा सांगितला.
तो थांबला नाही.

दिवाळीनंतर मंजुरी आली. एक पद.
पहारेकरी, कंत्राटी, अकरा महिने,
कुलूपबंद उपकेंद्रासाठी.

मला वाटलं, आता फाडतील कागद.
त्यांनी घडी घातली, नीट,
नखानं दाबून.
पुढच्या सोमवारी नवा अर्ज :
"पहारेकरी मिळाला. गावचाच आहे,
यादीतला एकोणिसावा, बीए. आभार.
आता त्याला राखायला काहीतरी द्या."

शिक्क्याची शाई वाळली होती.
आकडा मी हातानंच लिहिला,
जरा मोठा.