रहिवासी दाखला

जालिंदर हसबे आले तेव्हा वीज नव्हती,
पंचायतीचा पंखा वाऱ्यानं अर्धा फेरा घेऊन थांबत होता.
"मॅडम, एक दाखला पायजे.
मी हितलाच हाय, असा."

कारण, हा रकाना भरावाच लागतो.
ते जरा घुटमळले. मग म्हणाले, पोर्तुगाल.
मी तसंच लिहिलं, नांगरणी लिहावी तसं.

मोबाइलवर त्रिशूरच्या एजंटानं पाठवलेला हिशोब:
एवढे पैसे फंडात अडकवायचे,
वर्षाला सरासरी सात दिवस तिथं काढायचे,
पाच वर्षांनी अर्ज, तिकडचा माणूस होण्यासाठी.
"नंबर लागंस्तवर आठ-नऊ धरा.
आन् आता कायदा बदलत्यात, दहा करनार म्हनं.
मूस भट्टीत ठिवल्यावर
सोनं कधी वितळायचं, ह्ये कुणी बदलतंय व्हय?"

चौदाव्या वर्षी गलाईला गेलेला माणूस.
मामाच्या मागं, पत्र्याच्या ट्रंकेसकट.
सराफांच्या दुकानातली झाडलोट विकत घ्यायची,
जाळायची, तेजाबात घालायची,
धुळीतनं सोनं काढायचं.
डाव्या हाताची दोन नखं अजून पिवळी आहेत.
मुलगी बारावीला, मल्याळममध्ये भांडते.
तिच्यासाठी चाललंय सगळं, असं ते म्हणाले,
आणि मी विचारलं नव्हतं.

नमुना आठ उघडला.
घर क्रमांक दोनशे बारा, आरसीसी, दुमजली,
घरपट्टी आगाऊ.
कुलूप जत्रेच्या आदल्या संध्याकाळी निघतं,
दारात चार गाड्या लागतात, केएल आठच्या,
आणि पुन्हा कुलूप लागतं ते
सातव्या दिवशी.

सात, मी मोठ्यानं म्हणाले.
त्यांनी मान वर केली.
मग आम्ही दोघांनी अर्जाच्या पाठीवर पेन्सिलीनं मांडलं:
सदतीस वर्षं, सात गुणिले सदतीस, दोनशे एकोणसाठ.
वजा कोरोनाची दोन, वजा बायकोच्या ऑपरेशनचं एक.
अधिक, आई गेली तेव्हाचे तेरा दिवस.
दोनशे एक्कावन्न.

"आयला," ते म्हणाले, "वरीस बी भरंना की."
आणि हसले, आणि हसू संपल्यावरही
आकड्याकडे बघत राहिले.
तिकडं पस्तीस दिवसांत भागतं.

पुढचं त्यांनीच सांगितलं.
तिकडचा पासपोर्ट आला की इकडचा जमा करायचा,
दोन्ही ठेवता येत नाहीत.
एक कार्ड मिळतं, येता-जाता येतं कधीही,
मतदान तेवढं नाही.
"तसं कवा केलंय म्हना."
थोड्या वेळानं:
"मानाचा नारळ आमच्या घराला असतो.
त्येचं काय, एजंटाला इचारलं.
त्येला कळंना नारळ म्हंजे काय ते. केरळातला असून."

मी काय मोजावं कुणाचे दिवस?
मुख्यालयी राहण्याचं बंधन आहे मला.
वर्षातून एकदा माझ्याच अक्षरात ठराव लिहिते,
ग्रामसेविका गावातच मुक्कामी असतात,
सरपंच सही करतात,
आणि मी सव्वासहाच्या एसटीनं विट्याला जाते.

दाखल्यावर छापीलच असतं: कायमचे रहिवासी.
खोडायची सोय नाही.
नाव भरलं, शिक्का मारला.
त्यांनी कागद उजेडाकडे तिरपा धरला,
कसोटीच्या दगडावरचा कस बघावा तसा,
ओल्या शाईवर फुंकर घातली,
काही बोलले नाहीत.

फी वीस रुपये. त्यांनी पाचशेची नोट दिली.
सुटे नव्हते माझ्याकडे.
"राहू द्या," ते म्हणाले, "जत्रंत घीन."

चारशे ऐंशी, हसबे, घर नंबर दोनशे बारा.
वहीत मांडून ठेवलेत.