आधी टाका, मग कात्री

ऑल्टोना गावात उणे एकतीस.
स्वयंपाकघरात ओव्हनचं दार उघडं टाकून
लविना फ्रीझन चौकोन मोजते:
अठ्ठेचाळीस पांढरे, अठ्ठेचाळीस निळे.
निळे कॉर्नीच्या कामावरच्या शर्टांचे,
कोपरं झिजलेली, पाठ अजून शाबूत.

चाळीस वर्षं ती त्रिकोण आधी कापायची.
उरेब कापड हट्टी,
बोट लावलं की ताणतं,
समजूत काढली की आणखी ताणतं.
टोकाला टोक म्हणून कधी भेटलं नाही.
"माझ्या चांदण्या बोथट," म्हणायची,
आणि तशाच पांघरायची.

काल शेजारच्या अगाथाची सून आली, तेवीस वर्षांची.
मांजराला खुर्चीवरून उठवलं आणि दाखवलं:
पांढऱ्यावर निळा, सुलटीला सुलट.
पेन्सिलीची एक रेघ, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात.
रेघेच्या अल्याड एक शिवण,
पल्याड एक.
रेघेवर कात्री, सगळ्यात शेवटी.

उघडलं तर दोन चौकोन,
अर्धं बर्फ, अर्धा कॉर्नी.

लविना काही बोलली नाही.
मशीनमधून जोड्या सुटत राहिल्या
मधला दोरा न तुटता,
दोरीवर वाळत घातलेल्या मोज्यांसारख्या.
इस्त्री ओढू नकोस, नुसती टेकव,
एवढं मात्र तिनेच पोरीला शिकवलं.

रात्री फरशीवर छाटलेले कान,
नखाएवढे, निळे-पांढरे.
झाडू हातात घेऊन ती मांजराला म्हणाली,
इतकं सोपं होतं होय!
आधी दोन्हीकडून धरायचं, मग कापायचं.
कॉर्नीच्या वेळी
कात्री आधी आली.

सत्तेचाळिसावा जरा वाकडा गेला.
तो तिने उसवला नाही.